सासऱ्यांच्या वहीतला तिकीट नंबर



गेल्या आठवड्यात माझ्या मोबाइलने 'जागा भरली' म्हणून एकसारखी कुरकुर लावली. सूनबाईने गॅलरी उघडून पाहिली आणि हसायलाच लागली. म्हणाली, "आई, नातवंडांच्या फोटोंपेक्षा तिकिटांचेच फोटो जास्त आहेत." खरंच होते. शिखरजीच्या यात्रेची, नाशिकच्या लग्नाची, डॉक्टरांकडे मुंबईला गेले तेव्हाची, अगदी तीन वर्षांपूर्वीची. प्रवास कधीच संपले, स्क्रीनशॉट तसेच पडून.

तुम्हीही हेच करत असणार. आमच्या जामसरकडे तर ते लागतंच. डोंगराआड रेंज येते आणि जाते, जव्हारच्या घाटात तर भरवसाच नाही. ऐन वेळी ॲप उघडलं नाही तर काय, म्हणून आवाज कमी करायचं बटण आणि बंद करायचं बटण एकदम दाबायचं, फोटो काढून ठेवायचा आणि निश्चिंत व्हायचं. मीही निश्चिंत होते, मोठ्या जाऊबाईंना दादर स्टेशनच्या पुलावर दंड भरावा लागेपर्यंत. तो दंड त्यांना माझ्यामुळे बसला. तो का बसला हे समजून घेताना मी तिकिटाच्या सगळ्या इतिहासातच शिरले, म्हणून आज हा लेख.

आधी काय घडलं ते सांगते. आम्ही दोघी डहाणू रोडहून लोकलने निघालो होतो. त्यांच्याकडे साधा फोन-वजा स्मार्टफोन आहे, व्हॉट्सॲपपुरता. त्यामुळे रिक्षातून उतरल्यावर स्टेशनच्या बाहेरच मी माझ्या मोबाइलवर यूटीएसवरून दोघींचं दादरपर्यंतचं तिकीट काढलं. एकाच तिकिटावर दोन प्रौढ. वाटेत मुलीचा फोन आला, तिला बरं नव्हतं, म्हणून मी बोरिवलीला उतरले. उतरताना तिकिटाचा स्क्रीनशॉट जाऊबाईंना पाठवला आणि म्हटलं, "कोणी विचारलं तर हा दाखवा." दादरला विचारलंच. तपासनीस बाईंनी नीट समजावून सांगितलं म्हणे, की हे तिकीट ज्या मोबाइलवर काढलं त्याच मोबाइलवर, ॲपमध्येच दाखवायचं असतं, फोटो चालत नाही. भाडं आणि वर अडीचशे रुपये. पावती घेऊन जाऊबाई माहेरी गेल्या. पैशाबद्दल त्या आजतागायत एक शब्द बोललेल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, "अगं, पावतीवर बिनतिकीट लिहिलंय. सत्तर वर्षांत माझ्या नावापुढे कोणी असं लिहिलं नव्हतं."

हे वाक्य मला बोचत राहिलं. पैसे तर आम्ही भरले होते! मग आम्ही बिनतिकीट कशा? आणि शिखरजीला जाताना गाडीत याच मोबाइलवरचा स्क्रीनशॉट मी दाखवला होता, तेव्हा टीसींनी मान डोलावून पुढचा बर्थ गाठला होता. तेही रेल्वेचं तिकीट, हेही रेल्वेचंच. एकाचा फोटो चालतो, दुसऱ्याचा का नाही?

याचं उत्तर मला सासऱ्यांच्या जुन्या वहीत सापडलं.

आमचे सासरे हिशेबाला फार पक्के. दुकानाची वही वेगळी, घराची वेगळी आणि यात्रेची तिसरी. त्या यात्रेच्या वहीत प्रत्येक प्रवासाच्या आदल्या रात्री त्यांनी तिकिटांचे नंबर उतरवून ठेवले आहेत. कुठून कुठे, किती माणसं, किती भाडं आणि समोर नंबर. पारसनाथ स्टेशनपर्यंतच्या तिकिटांचेही आहेत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, तिकीट हातात असताना नंबर कशाला लिहायचा? सासूबाई म्हणायच्या, "हरवलं तर सांगायला काहीतरी हवं ना." आज कळतं, तो त्या काळचा स्क्रीनशॉटच होता.

बरं, तिकीटच का जपून ठेवलं नाही? कारण ठेवता येत नव्हतं. आपल्या पिढीला आठवत असेल, ते जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट प्रवास संपला की फाटकावर टीसीच्या हातात द्यावंच लागायचं. गाव आलं की आधी पदराची गाठ सोडायची, तिकीट काढायचं आणि मग सामान उचलायचं. म्हणजे प्रवासाची आठवण म्हणून घरी उरायचा तो फक्त वहीतला नंबर.

त्या पुठ्ठ्याच्या तिकिटाची गोष्ट मला, वाणिज्य शाखेत शिकलेल्या बाईला, फार आवडली. इंग्लंडमध्ये थॉमस एडमंडसन नावाचा एक सुतार होता, उत्तम कपाटं-टेबलं करणारा. धंद्यात बुडाला, दिवाळं निघालं. १८३६ साली एका छोट्या स्टेशनवर रेल्वेची नोकरी धरली. तोवर तिकीट म्हणजे कारकुनाने हाताने लिहिलेली चिठ्ठी, घोडागाडीच्या काळापासून चालत आलेली. लिहायला वेळ लागे आणि कारकुनाने किती चिठ्ठ्या लिहिल्या, किती पैसे खिशात घातले, हे तपासायला काही साधनच नव्हतं. एडमंडसनने एका मापाचे पुठ्ठे कापले, त्यांवर आधीच छापील क्रमांक टाकले आणि तारीख उमटवणारं यंत्र केलं. खिडकीत तिकिटं क्रमाने रचलेली. सकाळी वरच्या तिकिटाचा नंबर बघायचा, संध्याकाळी बघायचा, वजाबाकी करायची, भाड्याने गुणायचं, पेटीतली रोकड तेवढी असलीच पाहिजे. आपण कॉलेजात ज्याला अंतर्गत नियंत्रण म्हणून घोकलं, ते एका दिवाळखोर सुताराने पुठ्ठ्याच्या तुकड्यात बसवलं होतं. पुढे रेल्वे कंपन्यांकडून त्याला मैलामागे वर्षाला दहा शिलिंग मिळू लागले. तो क्वेकर पंथाचा होता. हातात पैसा आल्यावर त्याने जुन्या सावकारांची सगळी देणी फेडली. कायद्याने ती माफ झाली होती की नव्हती याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. आपल्या घरातले जुने लोक बघा, असेच वागायचे.

हेच माप, ५७ बाय ३० मिलिमीटर, आपल्याकडेही आलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. मग आमच्या जव्हारच्या दोन्ही अंगांनी रूळ गेले. पश्चिमेला किनाऱ्याकडून बीबीसीआयची लाइन १८६४ साली मुंबईला पोचली. दुसऱ्या बाजूला जीआयपीने थळ घाट चढून १८६५ साली इगतपुरी गाठली. मध्ये जव्हार, मुकणे राजांचं संस्थान, डोंगरावर तसंच राहिलं, तिथे रूळ आलेच नाहीत. म्हणून आमच्याकडच्या बायकांनी पहिलं तिकीट पाहिलं ते एसटीचं.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ची, अहमदनगर ते पुणे. त्या गाडीचे वाहक लक्ष्मण केवटे. त्याच वर्षी जव्हार संस्थानही मुंबई राज्यात विलीन झालं. एसटीच्या तिकिटाची शिस्त पुन्हा तीच, क्रमांकाची. कंडक्टरच्या हातात पेटी, पेटीत वेगवेगळ्या किमतीच्या पातळ रंगीत तिकिटांचे गठ्ठे आणि बोटात अडकवलेला चिमटा. त्या चिमट्याची टिकटिक ऐकली की गाडी सुटणार हे कळायचं. टप्पा बदलला की कंडक्टर वेबिलावर नंबर उतरवायचा. मध्येच चेकर चढला तर तिकिटाचा नंबर आणि वेबिलाचा नंबर जुळला पाहिजे. प्रवाशाकडे कागद, कंडक्टरकडे नोंद.

इथे मला ते कोडं सुटायला लागलं. पुठ्ठ्याच्या तिकिटावर आणि एसटीच्या तिकिटावर आपलं नाव नसतं. ज्याच्या हातात तिकीट, तो प्रवासी. बँकेतला बेअरर चेक आठवा. ज्याने तो खिडकीवर दिला त्याला पैसे मिळतात, म्हणून त्याची नक्कल म्हणजे सरळ लबाडी. अशा तिकिटात हातातली वस्तू हाच सगळा पुरावा. दुसरीकडे कुठे तुमचं नाव लिहिलेलं नाही.

पण लांबच्या गाडीतलं आरक्षण वेगळ्या जातीचं. तिथे नावाची यादी असते. आपल्या लहानपणी आरक्षण हाताने मोठ्या रजिस्टरात लिहायचे. १९८० च्या दशकात ते संगणकावर गेलं, आधी दिल्लीत, मग मुंबईत. तरी डब्याच्या दाराशी चिकटवलेला तक्ता होताच. आठवतो ना? एका हातात पाण्याची सुरई, दुसऱ्या हाताचं बोट त्या कागदावरून खाली खाली, "सापडलं, सापडलं, अठ्ठावीस नंबर!" आपलं नाव, वय, बाई की पुरुष, बर्थ. नाव चुकीचं छापलेलं असलं तरी चालायचं, वय चुकलं की मात्र बायका रागवायच्या. मोठ्या स्टेशनांवरचे ते तक्ते कागद वाचवायला मार्च २०१८ पासून बंद केले. आता टीसींच्या हातातल्या यंत्रात ती यादी असते. पण यादी आहेच.

आयआरसीटीसीने २००२ साली इंटरनेटवर तिकीट द्यायला सुरुवात केली तेव्हा गंमत होती. तिकीट संगणकावर काढायचं आणि ते छापील कुरिअरने घरी यायचं. रेल्वेचाही कागदावरचा जीव सुटत नव्हता. पुढे ई-तिकीट आलं, घरीच प्रिंट काढा. मग काही वर्षांत मोबाइलवरचा संदेश दाखवला तरी पुरे झालं, सोबत मूळ ओळखपत्र हवं. एवढ्या सहजपणे कागद कसा सुटला? कारण खरं तिकीट म्हणजे त्यांच्या यादीतलं तुमचं नाव. तुमच्या हातातला संदेश किंवा स्क्रीनशॉट ही फक्त आठवण आहे, डबा कुठला आणि बर्थ कुठला याची. टीसी त्या फोटोवर विश्वास ठेवत नाहीत, ते यादी बघतात आणि तुमचं ओळखपत्र बघतात. तो फोटो दुसऱ्या कोणाला पाठवून त्याला तुमच्या बर्थवर झोपता येणार नाही. खातेवहीत नोंद असली की पासबुकाची झेरॉक्स कितीही काढा, शिल्लक वाढत नाही.

आता यूटीएस बघा. मुंबईच्या लोकलसाठी २०१४ च्या अखेरीस ते ॲप आलं आणि २०१५ मध्ये कागद न काढता मोबाइलवरच तिकीट दाखवायची सोय झाली. त्याच २०१५ मध्ये ती कूपनं बंद झाली, आठवतात? पाकिटात घडी घालून ठेवलेल्या चोपड्या आणि स्टेशनवरचं छाप मारणारं यंत्र. त्यात कूपन नीट घातलं नाही तर नंबर अर्धाच उमटायचा आणि मग धडधड. आता तर २०२५ च्या जुलैपासून रेलवन नावाचं नवं ॲपही आलं आहे. साधन बदललं, पण तिकीट पुठ्ठ्याच्याच जातीचं राहिलं. लोकलमध्ये यादी नाही, बर्थ नाही. मोबाइलच्या आत असलेलं ते चालू, जिवंत तिकीट हाच पुरावा. एका फोटोची शंभर माणसांना शंभर फोटो करून पाठवता येतात आणि गर्दीत उभ्या तपासनीस बाईंना त्यातला खरा कोणता हे डोळ्यांनी ओळखता येणार नाही. म्हणून रेल्वेने फोटो मान्यच केला नाही. नेट नसलं तरी ॲपमधलं 'तिकीट दाखवा' उघडतं, ती सोय त्यासाठीच ठेवली आहे. म्हणजे मी ज्या भीतीने स्क्रीनशॉट काढत होते, ती भीतीच तिथे गैरलागू होती.

तिकीट दुसऱ्याला देणं हाही नवा गुन्हा नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम ५३ त्यासाठीच आहे. पुठ्ठ्याच्या काळातही अर्ध्या वाटेत उतरणारा आपलं तिकीट दुसऱ्याला विकायचा. आरक्षित तिकिटाला मात्र घरच्यांपुरती सवलत आहे. गाडी सुटायच्या २४ तास आधी अर्ज दिला तर आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांच्या नावावर ते करून मिळतं. जाऊ त्या यादीत नाही, हे मी हसून जाऊबाईंना सांगितलं. त्याही हसल्या, बऱ्याच दिवसांनी.

मेट्रोचा प्रकार या दोन्हींच्या मधला. तिथे मोबाइलवरचा चौकोनी क्यूआर फाटकाला दाखवायचा. एकदा त्या नंबरावर कोणी आत गेलं की यंत्रात नोंद होते, मग दुसरा कोणी तोच फोटो घेऊन आला तर दार उघडत नाही. यंत्रच चेकर आणि यंत्रच वेबिल.

आता थोडं धर्माबद्दल, कारण ते मनातून जात नव्हतं. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत. स्वाध्यायात आपण ते किती वेळा म्हटले असतील. त्यांत शेवटचा प्रतिरूपकव्यवहार. प्रतिरूपक म्हणजे हुबेहूब दुसरं, नक्कल. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ सांगताना बनावट सोनंनाणं वगैरे देऊन फसवून केलेला व्यवहार असं म्हटलं आहे. आजवर मी तो शब्द सराफाच्या आणि तुपात भेसळ करणाऱ्याच्या खात्यावर टाकून मोकळी होत होते. गृहिणीचा त्याच्याशी काय संबंध? पण स्क्रीनशॉट म्हणजे अक्षरशः प्रतिरूपक की हो!

मग माझ्याकडून अतिचार झाला का? मी बराच विचार केला. पूज्यपादांच्या अर्थात 'फसवून' हा शब्द आहे. आम्ही दोन भाडी भरली होती, दोनच माणसं गाडीत बसली, कोणाचं काही बुडालं नाही. म्हणून जाऊबाईंच्या माथी कुठलाही दोष नाही, असं माझं मत आहे आणि मी ते त्यांना स्पष्ट सांगितलं. माझं मात्र तसं नाही. माझा हेतू वाईट नव्हता, पण नियम वाचायचा आळस माझा होता आणि त्याचं फळ दुसरीला मिळालं. याला प्रमाद म्हणतात. आणि खरं बोलायचं तर आपल्याच मंडळातल्या एका सहलीत एक तिकीट तिघींच्या मोबाइलवर फिरलेलं मी पाहिलं आहे. सगळ्या हसत होत्या. "एवढ्या गर्दीत कोण बघतंय." मीही तेव्हा गप्प बसले होते. ते मात्र सरळसरळ प्रतिरूपकव्यवहारात येतं. कंदमूळ आलं का म्हणून हॉटेलात दहादा विचारणाऱ्या आपण, तिकिटाच्या बाबतीत इतक्या सैल कशा होतो?

आपल्या साध्वीजी किती सुटसुटीत! पायी विहार, ना तिकीट, ना बर्थ, ना स्क्रीनशॉट. मागच्या विहारात एका लहान साध्वीजींना मी हे सगळं सांगितलं तर त्यांनी विचारलं, "प्रवास झाल्यावर ते फोटो ठेवता कशाला?" उत्तर नव्हतं.

तर आता मी काय करते ते सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर पडलं. आरक्षित गाडीच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट काढते, कारण रेंज नसताना डबा-बर्थ पटकन दिसतो, आणि पीएनआर नंबर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये टाकते. मोबाइलची बॅटरी संपली की स्क्रीनशॉटही त्याच्याबरोबरच झोपतो, हे विसरू नका. मूळ ओळखपत्र बरोबर. लोकलला दोघी वेगळ्या होण्याची जरा शक्यता असली तरी तिकिटं वेगळी, आणि जाऊबाईंसाठी खिडकीवरचं कागदाचं. रांग लागली तर लागली. घरी परतलं की खर्च वहीत लिहायचा आणि फोटो पुसायचा.

त्या दिवशी सूनबाई आणि मी बसून सगळे पुसले. शिखरजीचा एक तेवढा ठेवला. सासऱ्यांच्या यात्रावहीत त्यांच्या पारसनाथच्या नोंदीखाली जागा होती, तिथे मी आमचा पीएनआर, डबा, बर्थ आणि भाडं शाईने लिहिलं. जाऊबाईंनी वही वाचून पाहिली आणि विचारलं, "दादरचं नाही लिहिलंस?" मग तेही लिहिलं. दोन तिकिटं, भाडं, आणि खाली दंड रुपये २५०, माझ्या नावे खर्ची.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी गजपंथला जाणार आहोत. जव्हारहून मोखाडा, त्र्यंबकमार्गे नाशिक, एसटीने. मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. कंडक्टर यंत्रातून कागद काढून देतो. जाऊबाईंनी आत्ताच सांगून ठेवलं आहे, "तिकिटं माझ्याकडे राहतील."